कैसरची शोकसभा

दाराच्या मुठीला हात लावला, तेव्हा आत कुणीतरी लुडोल्फ हासलिंगरच्याच आवाजात बोलत होतं.

"झभापती महाशय!" तो आवाज म्हणत होता. "मी आपल्याला झांगतो, ही झाधी गोष्ट आहे. झाधी आणि झरळ!" मग टेबलावर मूठ आपटली. मग तो श्वास, नेमका इंग्रजी शब्द सापडेपर्यंत छातीत धरून ठेवलेला. आणि मग हशा. हॉटेलच्या त्या खासगी खोलीत पक्षाची बडी मंडळी जेवायला जमली होती, आणि काचेची भांडी किणकिणतील इतक्या जोरानं हसत होती. लुडोल्फ बाहेरच्या अंधाऱ्या बोळात उभा. हातात ओली टोपी, खांद्यावर मार्चमधला घाण, अर्धवट वितळलेला बर्फ. त्या आवाजाखालचा खरा आवाज त्यानं लगेच ओळखला. वॉरन. त्याचा जावई. त्याच्या थेक्लाचा नवरा. थट्टेचा त्याला राग आला नाही. निदान आधी तरी नाही. थट्टा तीस वर्षं ऐकली होती त्यानं, सभागृहात, रस्त्यात, छापील चित्रांतून. राग आला तो नक्कल इतकी हुबेहूब होती याचा. तो श्वाससुद्धा उचलला होता पोरानं. म्हणजे दर रविवारी आपल्या टेबलावर बसून, आपल्या बायकोच्या, ओटिलिएच्या, हातचं भाजलेलं बदक खाता खाता, मान हलवत, "खरंय बाबा, खरंय," म्हणत हा आपल्याला ऐकत नव्हता. हा आपला अभ्यास करत होता.

"पुरे रे, पुरे," आतून प्रेविटचा आवाज आला. हा एलम प्रेविट म्हणजे मिलवॉकी शहरातल्या रिपब्लिकन पक्षाचा मुखत्यार. त्याच्याशिवाय पान हलत नसे. "येईल एवढ्यात म्हातारा. जेवणानंतर त्याला रडायचंय. आवाज शिल्लक राहू दे त्याचा."

"कुणासाठी रडणार? कैसरसाठी की मतांसाठी?"

"डोळ्याचं पाणी काय, दोन्हीकडे सारखंच खारट!"

लुडोल्फनं दार उघडलं. सगळे उठून उभे राहिले, टाळ्या वाजल्या, वॉरननं पुढे होऊन खुर्ची ओढली, "बसा ना, बाबा." आणि लुडोल्फ हासलिंगर हसला. चेहऱ्यावरचे सगळे स्नायू आपणहून, सवयीनं, जिथल्या तिथे गेले आणि तो हसला. टोपी वेटरच्या हातात देताना, रुमाल मांडीवर पसरताना, कालवांवर लिंबू पिळताना हसतच राहिला. हसणं थांबलं तेव्हा जबडा दुखत होता. मग त्याच्या लक्षात आलं की आपण हसत नव्हतो, दात आवळून बसलो होतो.

प्रेविट त्याच्याकडे झुकला. "कॅप्टन, भाषण तयार?" अमेरिकेतल्या यादवीच्या लढाईनंतर सगळे त्याला कॅप्टनच म्हणत. "फार लांबवू नका. बर्लिनचा वाडा, देवाघरी गेलेला वृद्ध पिता, सगळ्या जर्मनांना एक करणारा हात, असं काहीतरी. तुमचे लोक ढसाढसा रडले पाहिजेत. बिअरवर बंधनं घालणाऱ्या आपल्या कायद्यावरून ते त्या दुसऱ्या पक्षाकडे सरकायला लागलेत, तुम्हाला ठाऊकच आहे. आज तुम्ही त्यांच्या गळ्यात पडून रडा, शरद ऋतूतल्या निवडणुकीत मी तुम्हाला राज्याच्या सिनेटमधून थेट वॉशिंग्टनला, काँग्रेसवर पाठवतो." आणि लुडोल्फनं मान डोलावली. कैसर, जर्मनीचा म्हातारा सम्राट, गेल्याची तार आल्यापासून तो मान डोलावतच होता. शहरातल्या सगळ्या जर्मन मंडळांनी मिळून शोकसभा ठरवली, वक्ता म्हणून एकमुखानं सिनेटर हासलिंगरचं नाव आलं, तेव्हाही त्यानं मान डोलावली होती. फक्त घरी ओटिलिए इस्त्री खाली ठेवून म्हणाली होती, "कुणासाठी बोलणार आहेस? नाव घे त्याचं. माझ्या तोंडाकडे बघून नाव घे."

"राजकारण तुला कळत नाही, ओटिलिए."

"नसेल. वेन्डेलिन कळतो मला."

वेन्डेलिन. कालव तोंडातच राहिलं. थंड, खारट, जिवंतपणाच्या जवळचं काहीतरी. त्यानं ते गिळलं. धाकटा भाऊ म्हणजे नेमकं काय आठवतं आपल्याला? मानेवरची खळी. घड्याळजीच्या दुकानात उमेदवारी करताना एका डोळ्याला लावायचा ते भिंग; ते काढलं की त्या डोळ्याभोवती लाल वर्तुळ उमटायचं आणि पोरगा दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. त्याला राजकारणाचं काय होतं? त्याला चाकं आवडायची, स्प्रिंगा आवडायच्या. हायडेलबर्गहून सुट्टीला आलेल्या मोठ्या भावानं, कायद्याच्या विद्यार्थ्यानं, स्वयंपाकघरात उभं राहून हात हलवत राजे आणि प्रजा, हक्क आणि संविधान, असं बोलावं आणि त्यानं तोंड उघडं टाकून ऐकावं. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात जर्मनीत, बाडेनमध्ये, बंड झालं, तिथला राजा, ग्रँड ड्यूक, पळाला, सगळा प्रांत बंडवाल्यांच्या काळ्या-लाल-सोनेरी झेंड्यांनी भरून गेला आणि वेन्डेलिन दुकानाला कुलूप लावून भावाच्या मागोमाग निघाला. मग ड्यूकच्या मदतीला प्रशिया राज्याचा राजपुत्र फौज घेऊन आला. महिनाभरात सगळं चिरडलं. लुडोल्फला निरोप घेऊन स्वित्झर्लंडकडे धाडलं होतं, म्हणून तो बाहेर राहिला. वेन्डेलिन रास्टाटच्या किल्ल्यात अडकला. किल्ला शरण गेला, आणि मग राजपुत्राच्या फौजेची न्यायालयं बसली, आणि रोज पहाटे खंदकात माणसं गोळ्यांपुढे उभी करू लागली. बाझेलमधल्या एका खाणावळीत, सूप वाढता वाढता, खाणावळवालीनं विचारलं होतं, "हासलिंगर म्हणजे तुमचंच नाव ना हो? मग तो घड्याळवाला पोरगा कोण तुमचा?" सूप बार्लीचं होतं. तो ते शेवटपर्यंत प्यायला होता.

आणि तो राजपुत्र पुढे राजा झाला, मग कैसर झाला, पांढऱ्या कल्ल्यांचा प्रेमळ म्हातारा झाला. त्याची तसबीर मिलवॉकीतल्या अर्ध्या खाटीकखान्यांत आणि सगळ्या बिअरच्या दुकानांत लागली. आज तो मेला आहे आणि त्याच्यासाठी मला रडायचं आहे. प्रेविटला यातलं काही ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. लुडोल्फनंच सांगितलं होतं, निवडणुकांच्या सभांतून, वर्षानुवर्षं. पहिल्यांदा गुलामगिरीविरुद्ध बोलताना, एका पिंपांच्या कारखान्यात, तो स्वतः जिथे पिंपांना लोखंडी पट्ट्या ठोकायचा तिथेच, एका उलट्या पिंपावर उभा राहून. वाकड्यातिकड्या इंग्रजीत त्यानं सांगितलं, माझ्या भावाला राजांनी गोळ्या घातल्या. लोक गप्प झाले. मग कधीतरी, कुठल्या सभेत आठवत नाही, त्यानं पुढचंही सांगितलं : मरताना तो ओरडला, 'प्रजासत्ताक चिरायु होवो!' तेव्हा लोक उठून उभे राहिले. हे त्याला कुणी सांगितलं होतं? कुणीतरी सांगितलंच असेल. त्या ओरडण्यावर तो निवडून आला. एकदा, दोनदा, किती वेळा. आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासाठी ती एका परदेशी माणसाची करमणुकीची गोष्ट होती. तो मेलेला पोरगा आणि हा मेलेला कैसर, दोन्ही त्यांच्या लेखी जर्मनच. एकाच जातीचा माल.

"मोहरी देऊ का, बाबा?" वॉरननं विचारलं. स्वच्छ, देखणा चेहरा. ओठाच्या कोपऱ्यात हसू अजून चिकटलेलं.

"झाधी दे," लुडोल्फ म्हणाला. 'साधी' म्हणायचं होतं त्याला. मघाशी नकलेत आलेला तोच शब्द. कुणी हसलं नाही. वॉरन हातातल्या सुरीकडे बघू लागला. कान लाल झाले त्याचे. म्हणजे त्याला कळलं होतं, की मी ऐकलं आहे. बरं झालं. होऊ दे लाल.

सभा तालमीच्या इमारतीत होती. प्रेविटच्या बग्गीतून जाताना वॉरन समोर बसला होता आणि सारखा खिडकीबाहेर बघत होता. नदीवरचा बर्फ फुटायला लागला होता. तळ्याकडून वारा येत होता आणि रस्ताभर दुकानांवर काळं कापड लटकत होतं. सॉसेजवाल्यावर, चिरूटवाल्यावर, टोपीवाल्यावर, ओलं होऊन जड झालेलं. लुडोल्फ एकेक पाटी वाचत होता आणि प्रत्येक पाटीमागचं माणूस त्याला माहीत होतं. हा तर त्या वर्षी माइन्झमधून पळाला होता. हा म्हणायचा, राजाच्या मुंडक्याशिवाय मला झोप येत नाही. लबाड. लबाडांनो. ही तालीम आम्ही बांधली तेव्हा पहिल्याच सभेत ठरलं होतं, की इथे कुठल्याही राजाची तसबीर लागणार नाही. कोवळी पोरं इथे दोरावर चढायची, कसरत करायची आणि कसरत झाली की आम्ही त्यांना सांगायचो, शरीर ताठ ठेवायचं ते कुणापुढे वाकायचं नाही म्हणून. लढाई सुरू झाली तेव्हा हीच पोरं रांग लावून गेली. अख्खी पलटण जर्मन. व्हर्जिनियाच्या जंगलात, संध्याकाळी, माणसं चुलींवर जेवण शिजवत असताना झाडीतून शत्रू आला. आधी हरणं आली, ससे आले, घाबरून पळत. पोरं हसली, टोप्या फेकायला लागली. मग मागून माणसं आली. वरच्या जनरलांना दुपारपासून सांगत होतो आम्ही, उजवीकडे काहीतरी हलतंय. कुणी ऐकलं नाही. जे राहिले ते मेले, जे मेले नाहीत ते मागे हटले, आणि दुसऱ्या आठवड्यात सगळ्या वर्तमानपत्रांत आमचं नाव झालं, 'पळपुटे जर्मन'. लुडोल्फच्या मांडीत गोळी होती. त्याला पाठीवर घालून ओढा ओलांडला तो फाइट क्रुमहोल्ट्झनं, पलटणीतल्या सार्जंटनं, धंद्यानं बेकरीवाला. पाठीवर असताना लुडोल्फ शिव्या देत होता, शत्रूला नाही, आपल्याच जनरलांना, आणि फाइट धापा टाकत म्हणत होता, "हळू दे रे शिव्या, वजन वाढतं तुझं."

तोच फाइट तालमीच्या दारात उभा होता. आता पाठीत वाकलेला, भुवयांतसुद्धा पीठ.

"या, या, अमेरिकनांचे सासरे!" तो ओरडला. मग वॉरनकडे पाहून डोळा मिचकावला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "याला कशाला आणलंस? याला कुठे काय कळणार?"

"कळेल," लुडोल्फ म्हणाला. "तुझ्या दंडाला काळी पट्टी कशी नाही?"

"बेकरीवाल्याच्या अंगावर काळं टिकतं होय? लगेच पांढरं होतं." फाइट हसला, पण डोळे हसले नाहीत. "लवकर आटप रे बाबा. मला हे असलं आवडत नाही."

आत हजारभर माणसं. व्यासपीठावर कैसरची तसबीर, माणसापेक्षा मोठी, काळ्या मखमलीत गुंडाळलेली, खाली लॉरेलची पानं. ज्या खांबांना पोरांचे दोर बांधायचे त्या खांबांना काळी कापडं. गायन मंडळानं शोकगीत म्हटलं आणि बायका डोळे पुसायला लागल्या. सभेचे अध्यक्ष डॉक्टर निटहार्ट, औषधांच्या दुकानाचे मालक, "आपल्या सर्वांच्या पित्याबद्दल" असं काहीतरी म्हणाले आणि लुडोल्फला पुढे बोलावलं. तो उठला. पहिल्या रांगेत प्रेविट, पोटावर हात ठेवून, शेजारी वॉरन. मागच्या बाजूला भिंतीला टेकून फाइट. कोटाच्या आतल्या खिशात भाषण होतं, जर्मनमध्ये, चांगलं लिहिलेलं. तिथे त्याचा हात गेला आणि तिथेच थांबला. त्याला वाटलं, मी आता बोलायला लागलो की माझ्याच आवाजात दुसरंच कुणीतरी बोलेल. दुपारपासून तेच चाललंय. तीस वर्षं तेच चाललंय. त्या लोकांत मी जर्मन आणि या लोकांत मी सिनेटर, आणि दोन्हीकडे कुणीतरी माझी नक्कल करतंय. मीच करतोय. आणि मग तो राग, जेवताना जबड्यात होता तो, खाली उतरला, छातीत, पोटात, पायांत, आणि त्याला एकदम बरं वाटलं. खूप वर्षांनी पाय जमिनीला टेकल्यासारखं.

"मी इंग्रजीत बोलणार आहे," तो इंग्रजीत म्हणाला.

सभागृहात चुळबुळ झाली. डॉक्टर निटहार्टनं त्याची बाही ओढली. "अहो, जर्मन, जर्मन."

"नाही. जर्मन माझ्या आईची भाषा आहे. ज्या माणसानं तिच्या पोराला खंदकात उभं करून मारलं, त्याच्यासाठी मी तिच्या भाषेत रडणार नाही. इंग्रजी मला नीट येत नाही. माझे 'स' ऐकून लोक हसतात. आज दुपारीच हसले. हसू देत. या माणसासाठी तीच भाषा ठीक आहे." त्याचा प्रत्येक 'स' चुकत होता आणि लुडोल्फ तो ढकलत नेत होता, दगड ढकलावा तसा. त्यानं तसबिरीकडे बोट केलं. "हा त्या वेळी राजपुत्र होता. तुम्ही सगळे त्याच्यापासून पळून इथे आलात. तू, योस्ट. तू, हाइनरिख लाम्पे. तुझ्या पाठीवर त्याच्या शिपायांचे वळ होते, पोहताना आम्ही सगळ्यांनी बघितलेत. आणि आता तो मोठा झाला, लढाया जिंकला, म्हणून तो तुमचा बाप? अमेरिकन माणूस तुम्हाला रस्त्यात हाक मारून हिणवतो, म्हणून तुम्हाला आता एक मोठा बाप पाहिजे, ज्याच्या नावानं छाती काढता येईल? मारेकऱ्याला बाप करताय! आणि हे इथे पुढे बसलेत ना, माझ्या पक्षाचे लोक, हे हसतायत तुम्हाला. तुमचं रडणं मोजायला आलेत ते. मी त्यांच्यासाठी तुम्हाला रडवायला आलो होतो."

कुणीतरी ओरडलं, "खाली बसा!" कुणीतरी शिटी मारली. प्रेविट उठला, टोपी घातली आणि कुणाकडेही न बघता मधल्या वाटेनं चालू लागला. वॉरन बसून राहिला. खुर्च्या सरकत होत्या, बायका पोरांना ओढून बाहेर नेत होत्या आणि लुडोल्फ बोलत होता, गळ्याच्या शिरा फुगवून. वेन्डेलिनचं दुकान, भिंग, डोळ्याभोवतालचं लाल वर्तुळ. हे त्यानं आजवर कुठल्याच सभेत सांगितलं नव्हतं. आणि मग, कसं कुणास ठाऊक, आवाज आपोआप वर चढला, ओळखीच्या पायऱ्यांवरून, आणि तो म्हणाला, "आणि बंदुका रोखल्या तेव्हा माझा भाऊ ओरडला, प्रजासत्ताक चिरायु होवो!" कुणी उठून उभं राहिलं नाही. ते वाक्य हवेत राहिलं आणि त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. डॉक्टर निटहार्टनं वाद्यवृंदाला खूण केली, पितळी वाद्यं एकदम सुरू झाली आणि लुडोल्फ हासलिंगर त्यांच्याखाली आणखी थोडा वेळ ओठ हलवत राहिला.

मागच्या दारानं तो बाहेर पडला. गल्लीत पिंपं रचलेली होती, घोड्याची लीद, वितळलेलं पाणी. पाठीमागून फाइट येत होता, वाकलेल्या पाठीनं जवळजवळ धावत.

"लुडोल्फ! थांब."

"तू पण बोल. तुझंच राहिलंय."

"ओरडला नाही तो."

"काय?"

"तुझा भाऊ. काही ओरडला नाही." फाइटचा चेहरा रागानं काळवंडला होता. इतक्या वर्षांत लुडोल्फनं त्याला असा पाहिला नव्हता. "दर वेळी तू तेच सांगतोस. पिंपावर उभा राहून सांगितलंस, पलटणीत शेकोटीपाशी सांगितलंस, मी ऐकून घेतलं. म्हटलं, याला बरं वाटतंय तर वाटू दे. पण आज तू त्या सगळ्यांना खोटारडे म्हणालास आणि त्याच तोंडानं परत तेच! त्याला सर्दी झाली होती. किल्ल्याच्या तळघरात ओल फार, सगळेच शिंकत होते. त्यानं सार्जंटला थांब म्हटलं, रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवला. मग ताठ उभा राहिला. बस. एवढंच."

गल्लीत वाद्यांचा आवाज येत होता, जाड भिंतींतून, पाण्याखालून आल्यासारखा. लुडोल्फला प्रश्न विचारायची गरज नव्हती, तरी त्यानं विचारला. "तुला काय माहीत?"

"मी ऱ्हाइनकडचा. आमचा प्रांत प्रशियाचा. वीस वर्षांचा झाला की फौजेत उचलून नेतात." फाइटनं हात वर केले आणि खाली सोडले. "गोळी झाडणाऱ्यांत मी नव्हतो. खंदकाच्या काठावर पहाऱ्याला होतो, नाव पुकारलेलं ऐकलं. पण नसतो असं नाही. त्या दिवशी दुसऱ्यांची पाळी होती."

त्या वर्षी कोण कुठे होतं, हे इथे कुणी कुणाला विचारत नसे. सगळेच बंडात होते असं धरून चालायचं. लुडोल्फनं फाइटच्या कोटाची कॉलर धरली. दोन्ही हातांनी धरली आणि त्याला पिंपांवर दाबलं, आणि फाइटनं हात वर केले नाहीत. जवळून त्याच्या अंगाला यीस्टचा आणि जुन्या लोकरीचा वास येत होता. हाच वास ओढा ओलांडताना त्याच्या नाकात होता, गालाखाली हीच मान होती. ज्या पाठीवरून मी जिवंत आलो ती पाठ तिथे, त्या काठावर, ताठ उभी होती. मारावं याला. कुणालातरी मारावं. दुपारपासून हात शिवशिवतायत आणि हातात आलाय तो हा!

"तीस वर्षं," तो म्हणाला. "माझ्या घरी जेवलास. ओटिलिएच्या हातचं."

"हो."

"मी माफ करणार नाही तुला."

"मागतंय कोण?" फाइट म्हणाला. "सोड. श्वास कोंडतोय."

घरी थेक्ला बसली होती, आईच्या शेजारी, हातमोजे न काढता. गावभर झालं होतं. "पप्पा, वॉरनचं काय आता? त्याचा विचार केलात?" ती इंग्रजीत म्हणाली. घरात ती इंग्रजीतच बोलायची. मग वॉरन आला. दारातच उभा राहिला. त्यानं सांगितलं, प्रेविटनं वॉशिंग्टनसाठी दुसरं नाव नक्की केलंय, आणि पुढल्या वेळी सिनेटचंही धरून चालू नका. हे सांगून झाल्यावर तो गेला नाही. "बाबा, दुपारचं ते... मी..." शब्द सापडेना त्याला. छाती भरून श्वास घेतला आणि तसाच धरून ठेवला. लुडोल्फनं त्याला मदत केली नाही. बघत राहिला. शेवटी ओटिलिए म्हणाली, "थेक्ला, तुझा नवरा थकलाय. घरी ने त्याला." ती दोघं गेल्यावर तिनं दिवा लावला, सूप गरम केलं, आणि तो जेवेना तेव्हा समोर बसून म्हणाली, "बोललास ना शेवटी? मग आता हे असं काय?"

त्यानं तिला फाइटचं सांगितलं. रुमालाचंही सांगितलं. ओटिलिएनं तोंडावर पदरासारखा एप्रन धरला आणि त्याच्याआडून म्हणाली, "शिंकरलंच असणार त्यानं. शाळेत त्याच्या पुढच्या बाकावर मी बसायचे. उन्हाळ्यातसुद्धा नाक गळायचं मेल्याचं." ती रडत होती की हसत होती ते त्याला कळलं नाही, आणि त्याला तिचाही राग आला. इतकी वर्षं तो ज्याला ओरडायला लावत होता, तो पोरगा तिच्याकडे आधीपासून होता, नाक गळणारा, खराखुरा. आणि त्याच्याकडे नव्हता.

सकाळी मोलकरीण घाबरून आत आली. पुढच्या दारावर कुणीतरी काळं कापड ठोकलं होतं, घरात माणूस गेल्यावर ठोकतात तसं, आणि खाली खडूनं त्याचं नाव लिहिलं होतं. दूधवाला न थांबता निघून गेला होता. लुडोल्फ सदऱ्यावरच उठून पुढच्या खोलीत आला. खिडकीतून त्याला पायऱ्या दिसल्या. सगळ्यात खालच्या पायरीवर फाइट बसला होता. काळं कापड उपटून त्याची गुंडाळी करून त्यानं बुडाखाली घेतली होती, दगड गार म्हणून. रस्त्यापलीकडे चार-पाच तालमीतली पोरं घुटमळत होती, हातात कोटाच्या खिशातून काढलेले दगड, आणि फाइट त्यांच्याकडे बघून पाव खात होता.

"हा इथे काय करतोय?" लुडोल्फनं विचारलं.

"पहाटेपासून आहे," ओटिलिए म्हणाली. "आत बोलावलं, येत नाही. म्हणतो, आत यायचं की नाही ते तो ठरवेल." तिनं कॉफीचा कप भरला आणि दाराकडे निघाली.

"त्याला काही देऊ नकोस."

"तुझं घर असेल," ती म्हणाली, "कॉफी मी केलीये." आणि गेली.

तो खिडकीशी उभा राहिला. वाकलेल्या पाठीकडे बघत राहिला, मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे, कप दोन्ही हातांत धरून वाफ तोंडावर घेणाऱ्या त्या माणसाकडे. त्याला जाऊन सांगावं, ऊठ. माझ्या दारातून ऊठ, मला तुझा पहारा नको. तू पहारे दिलेस तिथे काय झालं ते मला कळलंय. राग जराही कमी झाला नव्हता. रात्रभर तो जळत होता, आणि आताही, स्वच्छ, सकाळच्या उजेडात, प्रेविटवर, निटहार्टवर, वॉरनवर, त्या पांढऱ्या कल्ल्यांवर, आपल्या स्वतःच्या चढलेल्या आवाजावर. पण त्या सगळ्यांत जगात एकच माणूस असा होता ज्यानं वेन्डेलिनला शेवटचं पाहिलं होतं, आणि तो म्हातारा होत चालला होता, आणि गार दगडावर बसला होता.

लुडोल्फनं कोट चढवला, दार उघडलं आणि पायऱ्या उतरून त्याच्यामागे जाऊन उभा राहिला. समोरची पोरं पांगली. फाइटनं वळून पाहिलं नाही.

"कुठल्या खिशात?" लुडोल्फनं विचारलं. आवाज कर्कश आला. जर्मन होता.

फाइटनं कप खाली ठेवला. विचार केला. "डाव्या. वरचा खिसा. एक टोक बाहेर राहिलं होतं, ते त्यानं बोटानं आत ढकललं."

रस्त्यावरून बर्फ वाहणारी गाडी गेली. लुडोल्फ खाली बसला नाही. हात पाठीमागे बांधून, जबडा आवळून, उभाच राहिला.

"त्याच्या आधीचं सांग," तो म्हणाला. "किल्ल्यातून बाहेर आणला तिथपासून. आणि काही घालू नकोस त्यात."